मूठभर जास्तीचं

त्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले गं. ये." डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आम्ही सगळे मनाची तयारी करून होतो, तरीही... कसली तयारी आणि काय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लासूर स्टेशनजवळचे, पण जन्म गेला तो या शहरात घरांच्या बांधकामाची एस्टिमेट काढून देण्यात. सिमेंट किती लागेल, वाळू किती, विटा किती. एस्टिमेट हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की स्वयंपाकघरातसुद्धा सुटत नसे. अक्का मापानं तांदूळ घ्यायची आणि दाजी मागून येऊन डब्यातली आणखी एक मूठ पातेल्यात टाकायचे. "आल्यागेल्याची," म्हणायचे. अक्का चिडायची, "आता कोण येणार हाय?" तर म्हणत, "ते ठाऊक असतं तर एस्टिमेट कशाला लागलं असतं?" मेहुणी म्हणून मी त्यांची यथेच्छ टर उडवली. एकदा दौलताबादचा किल्ला चढताना माझा जीव मेटाकुटीला आला. अजून किती राहिलं, विचारलं, तर म्हणाले, "एस्टिमेट सांगू?" मी फणकारले, "अंदाजपंचे बोलता आणि वर त्याला इंग्रजी नाव देता!" दाजी शांतपणे पायरीवर टेकले. "अंदाज कुणी बी बसल्या जागी करतंय. एस्टिमेट करायचं तर आधी काहीतरी मोजलेलं पायजे. खालून इथवर तू अर्धी बाटली पाणी प्यालीस. उरलेली संपायच्या आत वर पोचतो बघ." पोचलो, आणि बाटलीत घोटभर उरलंही. उरायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. ऐन वेळी सामान कमी पडून घरमालकाची तारांबळ उडालेली त्यांना खपत नसे.

दिवाळीनंतर त्यांचं पोटातलं दुखणं निघालं. बरं होण्यातलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत मी सोबत होते. डॉक्टर आडून आडून बोलत राहिले, तेव्हा दाजीच म्हणाले, "साहेब, नक्की नका सांगू. एस्टिमेट सांगा." उन्हाळा निघेल बहुतेक, डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर अक्का बसली होती. तिला दाजींनी सांगितलं, "संक्रांतीपर्यंत धर." मी हबकलेच. अक्का औषधं आणायला गेली तेव्हा मी त्यांना धारेवर धरलं. ते खाली बघत म्हणाले, "सामान जास्तीचं धरावं, दिवस कमी धरावे. उरतील ते तिचे." मला भयंकर राग आला. अक्काचं रडणं बघवत नव्हतं, आणि या माणसाला इथंही एस्टिमेट सुचत होतं. पण त्या रडण्याच्या भरातच तिनं परदेशातल्या लेकीला बोलावून घेतलं. लेक एरवी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची होती. ती लगेच आली, बापाच्या उशाशी बसली, त्याच्याशी भांडली, हसली. संक्रांतीला दाजींनी आपल्या हातानं सगळ्यांना तिळगूळ दिला. त्यानंतर थोडेच दिवस... आणि तो फोन. उन्हाळ्याचा अजून पत्ताही नव्हता. माझा राग कधीच गेलाय, पण ते सांगायला आता दाजी नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात अक्काकडे गेले होते. लेक परत गेलीय, घर खायला उठतं. अक्कानं मापानं तांदूळ घेतले, डब्याचं झाकण लावायला गेली आणि थांबली. मग आणखी एक मूठ काढून पातेल्यात टाकली. मी म्हटलं, "अक्का, आपण दोघीच तर हाय." तिनं तांदूळ धुवायला घेतले. आम्ही जेवलो. पातेल्यात भात उरला. तो मी डब्यात काढायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे तसाच झाकून," ती म्हणाली. "उरला की वाटतं, हे अजून जेवायचे राह्यलेत."