मेतकुटाची किंमत

नवरा सिल्वासाजवळच्या मसाट गावातल्या कारखान्यात लागला, म्हणून आम्ही सिल्वासात आलो. मी मेतकूट ऑनलाइन विकायचं ठरवलं, तेव्हा लेकीने एक सर्व्हे बनवला: पाव किलोला तुम्ही किती द्याल? तो टाकला आमच्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर. शेजारणींनी भिडेपोटी अशी घसघशीत किंमत लिहिली की आम्ही हरखलोच. तीच लावली. महिनाभर एक ऑर्डर येईल तर शपथ!

मी धुमसत होते. त्यातच समोरची गुजराती बेन आपला रिकामा डबा घेऊन दारात. "मेतकूट संपलं."

"मग ऑनलाइन मागवा की! किंमत तुम्हीच लिहिलीत ना?"

ती हसली. "ती गिऱ्हाइकांसाठी. आपल्यात कसली किंमत?"

मी फणकाऱ्याने डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून मेथीचे थेपले आले.

आता सर्व्हे अनोळखी लोकांनाच पाठवतो. किंमत बरोबर बसते, ऑर्डरीही येतात. बेनच्या नवऱ्याची बदली झाली, ते लोक गेले. थेपल्यांचा तो डबा माझ्याकडेच राहिला. रिकामा कसा परत करायचा? म्हणून मेतकूट दळून आणलं की मी अजून पहिलं त्यातच भरते.