झोक्याचं सूत्र

काल संध्याकाळी माझी मुलगी मुग्धा झोपाळ्यावरून उठली आणि चहा टाकायला आत गेली. रिकामा झोपाळा हलत राहिला. मी समोरच्या खुर्चीतून बघत होतो. येण्याजाण्याला त्याला जवळजवळ मघाइतकाच वेळ लागत होता.

कॉलेजात मी हेच वर्षानुवर्षं शिकवलं. झोक्याला लागणारा वेळ कड्यांच्या लांबीवर ठरतो. वजनाला त्या सूत्रात जागाच नाही. मुलांना ते पटायचं नाही, आणि मला त्याचीच गंमत वाटायची. कागदावरचं एवढंसं गणित, आणि सगळं जग निमूटपणे त्याप्रमाणे वागतं!

याच झोपाळ्यावर बसून माझी बायको शैला रोज कोथिंबीर निवडायची. तिला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

मुग्धा चहा घेऊन आली. "बाबा, काय बघताय एवढं?"

"तुझी आई बसली काय, नाही बसली काय, याला काही फरकच पडत नाही गं."

तिनं कप खाली ठेवले आणि कडी धरून झोपाळा थांबवला. सूत्र चुकलेलं नाही, हे मला कळतं. पण ते इतकं कोरडं असेल, असं वर्गात कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही दोघं त्यावर बसलो. पाय जमिनीला टेकलेले होते, पण झोका कुणीच घेतला नाही.