चहा सांगण्याजोगी कानउघाडणी

साहेबांच्या केबिनमधून बाहेर आले, की अण्णा आधी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि मग एकच शब्द बोलायचे.

आमच्या सोलापूरच्या सरकारी कचेरीत बोलणी खायला आत कोण जाणार, हा प्रश्न कधी पडला नाही. चूक कोणाचीही असो, जायचे अण्णाच. ते सर्वांत जुने लिपिक. तुमच्याही कचेरीत असं कोणी असेल. पण आमच्या अण्णांच्या शब्दावर पुढचा दिवस ठरायचा.

‘कानउघाडणी’ म्हणजे चहा सांगायला हरकत नाही. ‘खरडपट्टी’ म्हणजे आधी काम, मग चहा. ‘बिनपाण्यानं’ एवढंच म्हणाले, की डबाही विसरायचा. ‘धारेवर धरलं’ म्हणजे साहेबांनी प्रश्न विचारले. उत्तरं ऐकली, असं नाही.

एकदा मी म्हणाले, “आज वाभाडेच काढले वाटतं.”

“वाभाड्याला चारचौघं लागत्यात, मॅडम. आत मी एकटाच होतो की.”

ताशेरे हा शब्द मात्र ते टाळायचे. बाकी सगळं कानावरून जातं, ताशेरे कागदावर बसतात, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी अण्णांनी मोहोळला बदली मागितली. तिथे आई अंथरुणाला खिळलेली, आणि एसटीच्या जाण्यायेण्यात तिच्याजवळ बसायला वेळ उरत नव्हता. बदली जवळजवळ ठरली होती. त्याच आठवड्यात आमच्या नव्या लिपिक बाईंनी मोडनिंबची फाइल चुकून मोहोळला पाठवली. त्या अजून नोकरीत कायम झाल्या नव्हत्या. चूक माझी, असं सांगायला अण्णा आत गेले.

बाहेर आले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

“कानउघाडणी. चहा सांगा.”

बदल्यांची यादी लागली. फाइल मोहोळला गेली होती. अण्णा गेले नाहीत. आत खरं काय झालं होतं, हे बाईंनी त्यांना विचारलं.

“ताशेरे,” अण्णा म्हणाले. “तसं सांगितलं असतं तर तुमी चहा घेतला असता का, ताई?”

यंदा ते निवृत्त होऊन मोहोळला गेले. परवा बाई स्वतःच केबिनमध्ये गेल्या आणि बाहेर येऊन नुसतं “ओरडले” म्हणाल्या. चहाचं काय करायचं, कोणालाच कळेना. मी अण्णांना फोन लावला.

आई आता त्यांना ओळखत नाही, पण दिवसभर ओरडते, असं ते म्हणाले. कोणत्या प्रकारचं, हे मी विचारलं. फोनमध्ये कापडाची खसखस ऐकू आली. चष्मा पुसत असावेत.

“कानउघाडणी.”

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.