मुलाकातीच्या यादीतलं नाव

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता आठवतही नाहीत. पण एका बेपत्ता बाईची ही केस आठवली की आजही डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि धावड्याकडचा एक शेतकरी आत आला.

"साहेब, वहिनी पळून गेली. भाऊ जेलात हाय अन् हिनं कुणाचा तरी हात धरला."

त्याचा थोरला भाऊ बांधावरच्या मारामारीत कच्चा कैदी म्हणून जिल्ह्याच्या जेलात होता. आम्ही मिसिंग दाखल केली. माणूस हरवला की नातेवाईक आधी फोटो पुढे करतो, कुठं शोधणार म्हणून विचारतो. फोटो आम्हालाच मागावा लागला. यानं एवढंच विचारलं, "शिक्क्याची कॉपी कधी भेटंल?" मला खटकलं. तरी नियमाप्रमाणे कॉपी दिली, वर माझी सही. इथंच मी माती खाल्ली.

आठवड्यानं कोर्ट ड्युटीवरची आमची महिला हवालदार फोटो बघून म्हणाली, "साहेब, ही कशाची पळती? दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर येऊन बसती. नवरा दिसंल म्हणून." नवऱ्याला तर कोर्टात आणतच नव्हते. त्याच्या तारखा जेलातूनच व्हिडिओवर होत होत्या. बाई महिनोन् महिने पायरीवर बसली आणि इतक्या काळ्या कोटांपैकी, खाकी वर्दीपैकी एकालाही तिला हे सांगावंसं वाटलं नाही.

ती जाफराबादला बहिणीकडे सापडली. जबाब देताना एकदाही रडली नाही.

"म्या कुठं पळाले साहेब? दिरानं हाकललं. म्हणे, दादानंच भेटीच्या यादीतनं तुझं नाव काढलं. खरं वाटंना म्हणून जेलला गेल्ते. खिडकीवरचा शिपाई बोलला, यादीत नाव न्हाई. मंग कोणत्या तोंडानं घरी जावं? पण त्यांना एकदा समोरासमोर विचारायचं हाय. म्हणून तारखेला येऊन राह्यले."

मी जेलात चौकशी केली. भेटायला कोण येणार, त्यांची नावं कैद्यानं आत जाताना द्यायची असतात. तिच्या नवऱ्यानं फक्त भावाचं दिलं होतं. फोनसाठी नंबरही भावाचाच. का, तर बाईमाणसाला जेलच्या दारात उभं करायचं नाही, ही आपल्याकडची मोठी रीत. पुढं त्याला चूक कळली, अर्ज करून त्यानं बायकोचं नाव टाकलं. तसं तिला लिहिलंही. जावक रजिस्टरला तिच्या नावाच्या अकरा पत्रांची नोंद होती. तिला एकही मिळालं नव्हतं.

दिराला बोलावलं. आवाज चढवला नाही, नोंदीची नक्कल पुढे सरकवली आणि चहा मागवला. गुन्हेगाराला शिवीपेक्षा शांतता जड जाते. चहा निवला तेव्हा तो बोलला.

"जेलचा शिक्का असतो साहेब. गावात इज्जत जाती. म्हणून पोस्टमनकडून म्याच घेत होतो."

"इज्जत राखलीस, बरं केलंस. मग तिला का दिली नाहीस?"

पंचांसमक्ष घरझडती घेतली. गव्हाच्या कोठीत पत्रं सापडली, अकराच्या अकरा. एकात लिहिलं होतं, "तुझं नाव टाकलं आहे. आधार कार्ड घेऊन ये. रागावली असशील तर तसं तरी लिही." पत्रांखाली भावाच्या वाटणीच्या शेताच्या मुखत्यारपत्राचा कागद होता, भावाची सही तेवढी बाकी. बायकोच राहिली नाही तर शेत कुणासाठी ठेवतोस, असं भावाला सांगून सही घ्यायची होती. त्यासाठी पुरावा पाहिजे होता, आणि तो मी दिला होता.

खोट्या खबरीचा अहवाल कोर्टात पाठवला आणि बाईला घेऊन स्वतः जेलात गेलो. शिपायानं यादीवरून बोट फिरवलं. नाव होतं, पण त्यावर रेघ. दोनच दिवसांपूर्वी, म्हणजे मी ठाण्यात बोलावायच्या आदल्या दिवशी, दीर मुलाकातीला येऊन माझी कॉपी दाखवून गेला होता. नवऱ्यानं अर्ज देऊन नाव कापायला लावलं होतं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर नाही, माझ्या सहीवर. नशीब एवढंच, मुखत्यारपत्रावर सही अजून झाली नव्हती. मला तिथं मान वर करवेना.

जेलच्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याला कळवलं, त्यानं नाव पुन्हा लिहून दिलं आणि भेट झाली. मध्ये काच होती. तिनं एकेक पत्र काचेला लावून दाखवलं. तो ढसाढसा रडला. मला वाटलं, आता हीही रडेल. तिनं शांतपणे फोन उचलला.

"भावानं फसवलं, ते कळलं. पण पहिल्या दिवशीच तुम्ही माझं नाव का न्हाई टाकलं?"

त्यानं काचेपलीकडून हात जोडले. मुलाकातीची वेळ संपली.

दिरावर रीतसर खटला चालला. पण त्याची हिंमत कशातून आली? बाईला दाराआड ठेवणं म्हणजे तिचा मान, असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांतून. पोस्टमननं पत्रं पुरुषाच्या हातात दिली, मी पुरुषाच्या तोंडचं लिहून घेतलं. तिला विचारायला कुणी गेलं नाही, मीही नाही. चीड येते ती याची.

आता निवृत्त झालोय, तरी कुणाचा माणूस आत गेला की लोक सल्ल्याला येतात. वकील कोण चांगला, जामीन कधी होईल, विचारतात. मी आधी विचारतो, यादीत बायकोचं नाव टाकलं का? नसेल तर म्हणतो, उठा, आधी तेवढं करून या. जामिनाचं मग बघू.