पोटात ओला बैल

मला थांबता येत नाही. चहाला नीट उकळी यायच्या आत मी तो गाळून मोकळी होते. अशा बाईने प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवावी आणि वर मातीकाम काढावं, हे धाडसच म्हणायचं.

चौथीच्या वर्गाला मी हडप्पाच्या भांड्यांची चित्रं दाखवली होती. तांबड्या मडक्यांवर काळे मासे, पिंपळपानं. आपल्या पंचगंगेकाठीही अशी जुनी खापरं निघालीत म्हटल्यावर मुलं आ वासून बघत राहिली. चाक आमच्याकडे नव्हतं. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक गोल रचायच्या, ओल्या बोटानं सांधायच्या. "नीट भाजली तर हजारो वर्षं टिकतात," असं मी भरात सांगून टाकलं.

गगनबावड्याहून त्याच वर्षी आलेली एक मुलगी वर्गात होती. बोलायची कमी, पण हात भराभर चालायचे. तिनं मडक्याच्या झाकणावर बैल बसवला. वशिंड, शिंगं, मान किंचित वळवलेली. बेंदराच्या सणाला घरोघरी मातीचे बैल पुजतात, ते घडवायची तिच्या हाताला सवय होती. पण बेंदराचा बैल भरीव असतो आणि त्याला कुणी भट्टीत घालत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र हरखून फोटो काढत बसले.

सगळी भांडी पाट्यांत भुसा घालून मी कोडोलीला एका कुंभारमामांकडे नेली. शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मामांनी एकेक मडकं बोटानं वाजवून बघितलं. बैलापाशी येऊन थांबले.

"ह्यो भरीव हाय, बाई. वरनं वाळलाय, पोटात वल्ला हाय. आठ दिस ऱ्हाऊ द्या की."

"शनिवारी प्रदर्शन आहे, मामा."

"मग ह्येला तेवढा बाजूला ठेवा. तडकला तर शेजारची बी घिऊन जाईल."

एवढं सोपं होतं. पण बैल म्हणजे माझ्या प्रदर्शनाची शोभा, तोच मध्यभागी मांडायचा असं मी ठरवून बसले होते. "घाला तुम्ही, काही होत नाही," मी म्हटलं. मामांनी बैल बाकीच्या मडक्यांत भट्टीत ठेवला.

शुक्रवारी भट्टी उघडली. बैलाच्या ठिकाणी नुसत्या ठिकऱ्या होत्या आणि त्याच्याभोवतीची मडकी पोटात फुटलेली. निम्म्याहून जास्त वर्गाची मेहनत गेली. मी येताना टेम्पोत एका जागी बसूही शकले नाही. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

शनिवारी सकाळी मुलं टेबलाभोवती जमली. काय झालं, कशानं झालं? मी म्हटलं, "एक बैल भरीव होता, तो आत तडकला." खोटं एक अक्षर नव्हतं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "हिच्या बैलानं फोडलं!" एकजण ओरडला. ती माझ्याकडे बघत होती. मी पताका सरळ करायला वळले.

रविवार मी कसा काढला मलाच ठाऊक. कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. आईशी विनाकारण भांडले. मला लाज वाटत होती. नऊ वर्षांच्या पोरीच्या आड मी लपले होते.

सोमवारी पहिल्याच तासाला मी फळ्यापुढे उभी राहिले. "कुंभारमामांनी मला थांबायला सांगितलं होतं. बैल बाजूला ठेवा असंही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुमची मडकी माझ्यामुळे फुटली, हिच्यामुळे नाही."

ती उठून उभी राहिली.

"बाई, तुमाला शनवारीच म्हाईत हुतं की?"

"हो."

"मग तवा का न्हाय सांगितलं?"

"भीती वाटली," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि खाली बसली. मला वाटलं, मिटलं.

आम्ही पुन्हा मडकी केली. या वेळी मी बैलाला खालून काडीनं पोकळ करायला शिकवलं, तिनंही मुकाट्यानं केलं. तीन आठवडे मांडणीवरच्या मडक्यांना मी हात लावला नाही, नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग मामा स्वतः टेम्पो घेऊन शाळेत आले. मुलं एकेक मडकं माझ्या हातात देत होती, मी ते भुशात ठेवत होते. तिची पाळी आली तेव्हा मी हात पुढे केला. ती मला वळसा घालून मामांपाशी गेली आणि झाकण दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"मामा, पोटात वाळलाय का बगा. बाईंना इचारू नका."