आधी बघ, हाक मार, मग दे

गोल झाला की कपाळाला आठ्या घालणारा फुटबॉलचा प्रशिक्षक अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि ते नेमके माझे साडू निघावेत, याचा दोष मी माझ्या नशिबाशिवाय कोणाला देऊ? माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अमळनेरला एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म घालवला. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात, निदान दुपारी झोपतात. यांनी गावातल्या शाळकरी पोरींचा फुटबॉल संघ काढला. काढला तर काढला! पण या खेळात बॉल शेवटी जाळ्यात घालायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. त्यांच्या लेखी फुटबॉल म्हणजे पास. सरळ, जमिनीलगत, पुढच्याच्या पायात अलगद जाऊन बसणारा पास. बाकी सगळा नुसता दंगा. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मीही म्हणतो, फक्त दातओठ खाऊन म्हणतो.

त्यांचा सराव एकदा बघाच. चुन्याच्या फक्कीने चौकोन आखलेला, चार कोपऱ्यांत चार पोरी आणि मधे हिसकावायला एक. बॉलला दोनदाच पाय लावायचा, एकदा थांबवायला आणि एकदा द्यायला. दिला की जागा सोडायची. ते जमलं की दोन विटा ठेवून त्यांच्यामधून पास द्यायचा, आणि तेही जमायला लागलं की आबा गुपचूप विटा जवळ सरकवणार. या सगळ्याच्या वर एकच घोष: "आधी बघ, हाक मार, मग दे!" जिला द्यायचा तिचं नाव घेतल्याशिवाय दिलेला पास आबा धरतच नाहीत. मैदानासमोरच्या कापडदुकानातल्या शेठजींना स्वतःच्या नातवंडांची नावं पटकन आठवत नाहीत, पण आमच्या अठरा पोरींची तोंडपाठ आहेत. एकदा एका पोरीने लांबून असा सणसणीत बॉल हाणला की जाळी हलली. पोरी नाचायला लागल्या. आबांनी शिट्टी फुंकली.

"कोणाला दिला तो?"

"गोलात मारला, आबा."

"गोलात आपलं कोण उभं होतं?"

पोरगी बॉल आणायला जाळीकडे पळाली.

घरीही तेच. अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवताना मिठाचं भांडं नुसतं सरकवलं तर आबा ते परत सरकवतात. "हाक?" अक्का बिचारी आता भाजीतच मीठ जास्त घालायला शिकली आहे. मागच्या उन्हाळ्यात घरच्याच एका लग्नात वरण-बट्टीची पंगत होती आणि वाढप्यांची व्यवस्था कोणा शहाण्याने आबांकडे दिली. वाढपी टोपल्या घेऊन पळत होते, ते यांना बघवेना. "पळता काय रे? माणूस उभा राहील, बट्टी पळेल!" दर आठ-दहा पानांमागे एकेक वाढपी उभा केला आणि बट्ट्या हातोहात सुरू. पहिली ओळ खरंच झटक्यात वाढून झाली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या ओळीत एकाने हाक मारली, पण बघितलं नाही, आणि तुपात बुडवलेली बट्टी थेट नवरदेवाच्या मामांच्या वरणात पडली. मामांचा पांढराशुभ्र सदरा गळ्यापासून पिवळा! मामा संतापाने उठले, मी माफी मागत सुटलो, आणि आबा मला बाजूला घेऊन म्हणतात, "चूक कळली का भाऊ? आधी बघितलं नाही त्याने."

मी एका शाळेत कारकून आहे. पाच वाजता सुटलो की फाटकाशी आबा स्कूटर घेऊन हजर. का, तर त्यांनी मला सरावापुरता गोलकीपर नेमलंय. पन्नाशी उलटलेल्या, कंबर धरलेल्या माणसाला! तक्रार केली तर म्हणतात, "तुला काय त्रास आहे? तुझ्याकडे बॉल येतो कुठे?" तेही खरंच. दीड वर्षात माझ्याकडे सात-आठ बॉल आले असतील, त्यातले तीन चुकून.

या सगळ्या खटाटोपात एक पोर मात्र अशी होती की तिच्याकडे बघून मीही गप्प व्हायचो. रोशनी. दहावीतली, काटकुळी, गावाबाहेरच्या वस्तीवरून सायकल दामटत यायची. तिचा पास असा जायचा की घेणारीला पाय हलवायची गरज पडू नये. आबांनी आठ वर्षं जे जे ओरडून सांगितलं, ते सगळं या पोरीत उतरलं होतं. आणि म्हणूनच तिच्या नावावर एकही गोल नव्हता.

तिथेच घोडं अडलं. तिचा बाप भाजीचा टेम्पो चालवतो. एका संध्याकाळी तो मैदानावर आला, टोपी हातात घेऊन. माणूस भला, आवाजही चढवला नाही. "आबा, बठ्ठा गाव मले इचारस, तुमनी पोर किती गोल करस? मी काय सांगू? आते दहावीनं वरीस शे. धुळ्यानी मॅच मी देखाले येस. तिनी एक गोल कया तं खेळू दे. नही तं क्लास लावस, खेळ बंद."

रोशनी मागे उभी होती. तिने आबांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी आबांच्या हातापाया पडलो. म्हटलं, एका मॅचपुरतं तुमचं तत्त्वज्ञान खुंटीला टांगा, तिला पुढे खेळवा, सगळ्या पोरींना सांगा की बॉल रोशनीला द्या, आणि तिला सांगा की बाई, डोळे मिटून मार! "असं शिकवता येत नाही," म्हणाले. मी चिडलो, वाट्टेल ते बोललो, दोन दिवस सरावाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आबा स्वतःच घरी आले. "ठेवतो तिला पुढे," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. चहा सोडून गेलेले आबा मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

धुळ्याला मॅच एक-एक अशी अडकली होती. बाप मैदानाच्या कडेला टेम्पोला टेकून उभा. आबा आणि मी रेषेवर. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. पोरींनी बॉल असा सुरेख फिरवत आणला, नाव घेत, देत, हलत, की समोरच्या संघाला कोणाच्या मागे लागावं तेच कळेना. आणि बॉल आला रोशनीच्या पायात. समोर फक्त गोलकीपर, तीही पुढे धावत आलेली. आणि शेजारून आवाज आला, चिरका, फाटलेला, मला अनोळखी.

"मार! रोशनी, मार बेटा, मार!"

आबा ओरडत होते. आमचे आबा!

रोशनीने मान वर केली. उजव्या अंगाला नम्रता मोकळी होती. "नम्रता!" तिने हाक मारली आणि दिला. नम्रताने नुसता पाय लावला. गोल.

आम्ही जिंकलो. पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. बाप हळूहळू चालत आला. "तिनाच व्हता ना गोल? मंग दुसरीले काब्र दिन्हा?" तो खरोखर विचारत होता.

रोशनी म्हणाली, "बाबा, ती मोकळी होती."

त्याने आबांना हात जोडले, लेकीची पिशवी खांद्याला लावली आणि दोघं टेम्पोत बसून गेले. दिलेला शब्द त्याने पाळला, आणि त्याच्यावर रागवायला आम्हाला जागाच ठेवली नाही. रोशनी आता संध्याकाळी क्लासला जाते.

परतीच्या एसटीत पोरी मागे गाणी म्हणत होत्या. आबा खिडकीशी बसून होते. मला त्यांना चार शब्द सुनावायचे होते, तयारही ठेवले होते. पण तेच बोलले. "आठ वर्षं एकच गोष्ट शिकवली, भाऊ. आज वाटलं, ही एकटी ती विसरली तर किती बरं होईल." पारोळा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "मी मार म्हणालो, ते तिला ऐकू गेलं असेल का रे?"

"छे हो आबा," मी म्हटलं, "केवढा गोंगाट होता."

"बरं झालं," ते म्हणाले आणि डोळे मिटून मागे टेकले.

ऐकू गेलं होतं. पास देण्याआधी तिने क्षणभर आमच्याकडे बघितलं होतं, आणि ती हसली होती. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आबांना अजून सांगितलेलं नाही.