घरी राहिलेल्यांची यादी

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत संगणक आला, तेव्हा जिल्हा वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. संगणक नवा नव्हता. मासळी निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याने स्वतःसाठी मोठा घेतला आणि जुना आम्हाला देऊन हार घालून घेतला. कोल्हापुरात राहून सहा महिन्यांचा कोर्स केलेली बंदरावर मी एकटीच, म्हणून तो माझ्या टेबलावर येऊन बसला. त्याच्या पोटात काही राहत नसे. सकाळी सिस्टीमची फ्लॉपी घातली की तो जागा व्हायचा, नाहीतर नुसता ठोकळा. आमच्या खाऱ्या, दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरायची, म्हणून मी त्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. हसणारे हसले. बुरशी मात्र धरली नाही.

त्या यंत्रावर काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. मला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी माझे वडील दर्यावर गेले ते परत आले नाहीत. ते नेहमी ज्या होडीवर असत, ती दोन दिवसांसाठी आरोंद्याच्या बाजूला गेली होती. ते तिच्यावरच आहेत असं आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात त्या पहाटे दुसऱ्या एका होडीला माणूस कमी पडला आणि हे किनाऱ्यावरून तिच्यात चढले. आमच्याकडे असं रोज होतं, कुणी कुणाला सांगत नाही. ती होडी उलटली. मालकाच्या हिशेबी तिच्यावर चौघे होते. दुसऱ्या दिवशी चौघेही मिळाले, कुणीच जिवंत नव्हतं, आणि शोध थांबला. वडिलांची नेहमीची होडी परत आली तेव्हा कळलं की ते पाचवे होते. पाचव्याला कुणी शोधलंच नव्हतं. मला त्या वेळी रडू कमी आलं आणि राग जास्त. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून मी यादी करायला घेतली. होड्यांची नको, माणसांची. पण बंदरावर एक गोष्ट कडक पाळली जाते. दर्यावर निघालेल्याला ‘खंय चल्लस?’, म्हणजे कुठे निघालास, असं विचारायचं नाही. विचारलं की तो तिथूनच मागे फिरतो, दिवस बुडतो आणि विचारणाऱ्याचा उद्धार होतो. आज कोण जाणार, हेही आधी बोलायचं नाही. मग यादी कशी करणार? महिनाभर डोकं खाजवलं आणि एका सकाळी सुचलं की जाणाऱ्यांना विचारायचंच कशाला, घरी राहिलेल्यांना विचारू.

मी बंदरावरच्या सगळ्या पुरुषांची नावं यंत्रात घातली आणि त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. सकाळी यंत्र सुरू केलं की सगळेच दर्यात. मासळी विकायला निघालेल्या बायका पाट्या घेऊन माझ्या खिडकीशी थांबायच्या. मी विचारायचे, ‘घराकडे कोण रवलो गो?’ यात अशुभ काहीच नाही. ‘माझो घोव आसा, ताप इलो हा,’ ‘आमचे दोघय जाळी शिवतत,’ अशी उत्तरं यायची आणि मी ती नावं खोडायचे. उरतील ते दर्यात. दुपारनंतर होड्या लागल्या की परत आलेल्यांचीही तशीच खोडायची. त्या दिवशीची सगळी नावं खोडून झाली की मी घरी जायला मोकळी. बायकांना हे इतकं अंगवळणी पडलं, की मी आजारी पडले त्या दिवशी त्या माझ्या घरी येऊन सांगून गेल्या.

आणि मग दीड वर्षाने आली नवी सिस्टीम.

ती घेऊन कोल्हापूरहून एक इंजिनीयर आला. फोंडाघाट उतरताना गाडी लागल्यामुळे तो आधीच वैतागलेला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने माझा तांदळाचा डबा बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम, ही सिस्टीम आता कुणी वापरत नाही.’

मी म्हटलं, ‘मी वापरते.’

त्याने नवी फ्लॉपी लावली. पडदा देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. पण आमच्या यंत्राची मेमरी आधीच बेताची, त्यातली अर्धी नवी सिस्टीम स्वतःच खाऊन टाकायची. माझी यादी मावेचना. निम्मी नावं वाचून यंत्र गप्प बसलं. ‘काळजी नको,’ तो म्हणाला, ‘आमचा तयार प्रोग्राम आहे, छोटा आहे, बसतो.’ त्याने तो उघडला. त्यात प्रत्येक माणसापुढे दोन रकाने होते, कुठे गेला आणि कधी येणार. मी काही बोलायच्या आत त्याने खिडकीतल्या बाईला हसत विचारलं, ‘काय मावशी, मिस्टर कुठे गेलेत आज?’

त्या माऊलीने पाटी उचलली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या सात-आठ जणीही तिच्याबरोबर निघून गेल्या. त्या दिवसाची यादी मला घरोघरी फिरून करावी लागली.

एवढं होऊनही चेअरमनना नवी सिस्टीम हवीच होती. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळीकडे नवी येणार, मग आम्हीच मागे का, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. पण चौघे मिळाल्यावर ‘गावले सगळे, चला’ म्हणून होड्या मागे फिरवणारेही तेच होते, आणि मी ते विसरले नव्हते. कमिटीत एकमत होईना, तेव्हा आमच्याकडे अशा वेळी करतात तेच त्यांनी केलं. देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि सगळे वाट बघत बसले. उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार.

दुसऱ्या दिवशी चेअरमन इंजिनीयरला घेऊन कचेरीत आले. ‘चेडवा, देवान उजवो दिल्यान,’ ते म्हणाले. ‘आता नाय म्हणूक येवचा नाय. ती जुनी फ्लॉपी दी.’

मी डबा मांडीवर घेतला. ‘काकानू, देवाक तुमी इचारलात काय?’

‘नवीन सिस्टीम हाडूची काय, असा इचारलंय.’

‘मगे हाडलात. देवाचो शब्द रवलो. जुनी काढूची काय, ह्या इचारलात?’

नवी आणायची का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. जुनी काढायची का, हे विचारलंच नव्हतं. आमच्याकडे देवाला जेवढं विचाराल तेवढंच तो सांगतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

‘तर मगे परत कौल लावया,’ ते म्हणाले.

‘लावा. डावी पडांदे नायतर उजवी, मी फ्लॉपी देवचंय नाय. नोकरीवरून काढूची तर काढा.’

माझा आवाज चढला होता. देवाला नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. भीती वाटली, पण पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही.

इंजिनीयरला मालवणी कितपत कळलं कोण जाणे. त्याने मध्यस्थी करायची म्हणून माझ्या यादीची छापील प्रत मागितली. नव्यात काय काय घ्यावं लागेल ते बघतो म्हणाला. जुन्या प्रिंटरवर करकरत यादी निघाली. बायका नुकत्याच नावं सांगून गेल्या होत्या, त्यामुळे दर्यात असलेल्यांचीच नावं तेवढी उरली होती, आणि प्रत्येकापुढे तो शेवटचा घरी कधी होता ती तारीख. तो पेनाने एकेक नाव तपासत गेला आणि पहिल्याच नावाशी परत आला.

‘मॅडम, हे बघा. इथे चूक आहे. या नावापुढे तारीखच नाही, म्हणजे यादी सुरू झाल्यापासून हा माणूस एकदाही घरी दाखवलेला नाही. रोज समुद्रातच. दीड वर्ष कोण समुद्रात असतं? आधी हे नाव काढून टाका, मग बोलू.’

मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

‘ती चूक नाही,’ मी म्हटलं. ‘ते माझे वडील आहेत. ते घरी आले असं मला कुणी येऊन सांगितलं, की मी काढीन.’

इंजिनीयरने पेनाला टोपण लावलं. चेअरमननी नवी फ्लॉपी टेबलावरून उचलली, कपाटातल्या देवाच्या तसबिरीपुढे ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि कपाट बंद केलं. ‘हाडलव,’ आणली एकदाची, असं ते स्वतःशीच म्हणाले. इंजिनीयर दुपारच्या गाडीने गेला. त्याचं चहापाणी मीच केलं.

त्या दिवशी वारा होता, होड्या उशिरा लागल्या. मी एकेक नाव खोडत बसले होते. खिडकीशी सावली पडली म्हणून वर बघितलं, तर चेअरमन. बायका उभ्या राहतात तिथे, बाहेर, चपला हातात घेऊन. होड्या लागल्या की एक प्रश्न रोज कुणी ना कुणी बाई तिथून विचारायची. त्यांनी तो कधीच विचारला नव्हता.

‘सगळे इले काय गो?’

‘इले,’ मी म्हटलं. ‘एक सोडून.’